एकाच फंडाचे रविवार

तो चष्म्यांच्या दुकानात शिरला तेव्हा चष्म्याची एक काच नाकावर होती आणि दुसरी तळहातावर. बसच्या दारात कुणाचं तरी कोपर लागलं होतं. डोळे तपासणारी ताई (घरीदारी सगळे तिला ताईच म्हणत) स्क्रू बसवू लागली. तोवर डोळे बारीक करून त्याने काउंटरवरची म्युच्युअल फंडांची माहितीपत्रकं चाळली.

“एवढे सगळे फंड घेणार तुम्ही?”

“बाबांचं गावातलं दुकान विकलं. मला आणि धाकट्या बहिणीला वाटा आला. म्हातारपणापर्यंत हात लावावा लागू नये, असं काहीतरी हवंय.”

“मग एकच पुरे. ऑल-इन-वन इंडेक्स फंड. जगभरचे शेअर आणि रोखे एकत्र, ठरलेल्या प्रमाणात. प्रमाण बिघडलं तर फंडच ते सावरतो.” तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. “रविवारी येऊन... समजावू का?”

ताई हो म्हणाली. जरा लवकरच म्हणाली, असं तिचं तिलाच वाटलं.

रविवारी हे मास्तर घरी आले आणि धाकटीने त्यांचा ताबाच घेतला. रोखे म्हणजे काय? बाजार पडला तर? हनुवटीखाली हात घेऊन ती विचारायची, मास्तर न कंटाळता सांगायचे. आत चहा गाळताना ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. धाकटीने केस मोकळे सोडले होते. मास्तरांचा शर्ट नवा होता. ताईने दोन्ही टिपलं.

“बाजार निम्म्यावर आला, तर सोसवेल?” मास्तरांनी एकदा विचारलं.

“मी बघणारच नाही,” धाकटी हसली.

ते ताईकडे वळले. “आणि तुम्हाला?”

“मला सोसायची सवय आहे. निम्मे शेअर, निम्मे रोखे असलेला फंड मी घेतलाय. हिने जास्त शेअरवाला घ्यावा. झालं... आता तुम्हाला खेप नको.”

मास्तर चहा तसाच ठेवून उठले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

“हाकललंस ना त्यांना?” धाकटी म्हणाली.

“तुला वाईट वाटणारच.”

“वाटलंच. आवडतात मला ते.” धाकटीने मान खाली घातली. “पण उत्तर मला द्यायचे आणि बघायचे स्वयंपाकघराकडे. एकदा तरी इकडे बघतील म्हणून मी प्रश्न वाढवत गेले. तुझा इतका राग यायचा, ताई...”

जिच्यावर ताई जळत होती, तीच ताईवर जळत होती. तिने धाकटीला जवळ घेतलं. धाकटीच म्हणाली, “जा, फोन कर. मी सावरेन.”

‘चष्मा सैल झाला असेल, दाखवून जा,’ असं ताईने फोनवर सांगितलं. मास्तर दुकानात आले. चष्मा सैल नव्हता. तरी तिने तो काढला, पुसला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कानांमागे बसवला.

“एक विचारू? हा फंड समजवायला किती वेळ लागतो?”

“दहा मिनिटं.” ते लाजले. “एकदा निवडायचा आणि विसरायचा. त्यात सांगण्यासारखं आहे काय?”

“मग इतके रविवार?”

“दहा मिनिटांत संपवलं असतं, तर... पुन्हा यायला कारण काय सांगितलं असतं तुम्हाला?”

तिचे हात अजून त्यांच्या कानांपाशीच होते. ते तिने काढले नाहीत.

“रविवारी भेटू,” ती म्हणाली. “घरी नको. धाकटीला थोडा वेळ देऊ. समोरच्या बागेत या.”

“पण आता समजावण्यासारखं काही उरलं नाही.”

“नुसतेच या,” ताई म्हणाली.