राखेच्या माथी खापर

गोदामाला आग लागली, छताचा स्लॅब कोसळला आणि त्याखाली रखवालदार चिरडला. तपासनीसाला एवढं सांगून गोदामाच्या मालकाने थेट आपल्या इंजिनियर भाचीकडे बोट दाखवलं. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये सिमेंट थोडं कमी करून त्या जागी कोळशाची राख वापरायचं तिने ठरवलं होतं. संध्याकाळी तिला अटक होणार होती.

"राखेचं काँक्रीट आगीत टिकेल का, साहेब? शेंबड्या पोरालाही कळेल."

तपासनीसाला ढोंगी माणसांची किळस येई आणि ती लपवायची तसदी तो घेत नसे.

"तुम्हाला कळलं ना, मग पोराला कशाला विचारायचं?" तो म्हणाला. "गोदाम बरंच मोकळं दिसतंय."

"मुद्दाम केलंय. ट्रक थेट आत वळतो." मालकाची छाती फुगली. त्याच्या पायापाशी जुन्या जमिनीत नव्या सिमेंटचा चौकोन होता.

तपासनीस भाचीकडे वळला. "राखेमुळे आगीत ताकद जाते?"

"एवढ्या राखेने नाही. फार तापलं तर कुठलंही काँक्रीट खचतं. आमच्या खडीचं भाजलं की गुलाबी पडतं."

क्रेनने स्लॅब उलटवला. छताची वरची बाजू काळी, तिच्या आत गुलाबी. खालची मात्र स्वच्छ करडी, काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांचे ठसेसुद्धा शाबूत. तिथले तुकडे प्रयोगशाळेत दाबून पाहिले, तर ताकद पुरेपूर भरली.

"आग लागली की छत खालून भाजतं," संध्याकाळी तपासनीस मालकाला म्हणाला. "तुमचं वरून भाजलंय. म्हणजे स्लॅब आधी पडला, रखवालदार तेव्हाच गेला. मग तुम्ही पडलेल्या स्लॅबवर खोकी रचून काडी लावलीत."

"मी कशाला लावू?"

"नकाशात त्या नव्या सिमेंटच्या चौकोनावर खांब आहे. ट्रक वळावा म्हणून तुम्ही तो पाडलात आणि आधार गेल्याने स्लॅब कोसळला. भाचीला गजाआड घालायला निघालात, तेही धड जमलं नाही."

मालकाचा चेहरा पडला. तो भाचीजवळ सरकला. "तू घरचीच ना गं? आपण घरातच मिटवू."

"मामा, रखवालदाराची बायको बाहेर बसलीय. माझ्या काँक्रीटने तिचा नवरा मारला, असं तुम्ही तिला सांगितलंत. आता जाऊन खरं सांगा."

मालक जागचा हलेना. शेवटी हवालदाराने दंडाला धरून त्याला बाहेर रखवालदाराच्या बायकोसमोर नेऊन उभं केलं.