मान हलवलेली चालत नाही

इमारतीतली धोक्याची घंटा वाजू लागली तेव्हा विधी खात्यातील मसुदाकार तरुणी एका वाक्याच्या मध्यावर होती. आणि अर्धे वाक्य टाकून उठणे तिच्या स्वभावातच नव्हते. सारा मजला जिन्याने खाली उतरला. ती एकटी उरली. तेवढ्यात दार ढकलून अग्निशमन दलाचा एक अधिकारी आत आला.

“बाई, तुम्ही मेलात.”

“कधी?” तिने मानही वर केली नाही.

“मघाशीच. धुरानं. आज सराव आहे म्हणून एवढ्यावर भागलं.”

“मग मेलेल्या माणसाशी हुज्जत कशाला घालता? वाक्य पुरं होऊ द्या.”

त्याने वाकून कागद वाचला आणि तो खदखदून हसला. तो राष्ट्रीय अग्निशमन विधेयकाचाच मसुदा होता!

“‘सर्व दलांनी परस्परांत समन्वय राखावा.’ राखावा म्हणजे नेमकं काय करावं? वाक्य देखणं आहे हो... पण रिकामं आहे.”

तिच्या वाक्याला आजवर कोणी रिकामे म्हटले नव्हते. तिने संतापून वर पाहिले. आणि त्या मिस्कील डोळ्यांपुढे आपला संताप आपण कुठे ठेवला, तेच तिला आठवेना.

“भरा मग तुम्ही!” ती म्हणाली.

तो गंभीर झाला. एका गोदामाच्या आगीवर दोन गावांची दले धावली होती. ‘बाहेर या’ हा हुकूम वायरलेसवर सुटला. सोडणाऱ्याला वाटले, पोहोचला. तो पोहोचलाच नव्हता. छप्पर कोसळले आणि आत राहिलेल्या, या अधिकाऱ्याच्या उस्तादांचा पाय कायमचा गेला.

“म्हणून माझ्या तुकडीत ऐकणाऱ्यानं निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा. नुसतं ‘हो’ नाही, मान हलवलेली तर मुळीच चालत नाही. देशभर हे व्हायला हवं. हे कलम नसेल, तर तुमचा कायदा म्हणजे पाण्याविना बंब.”

तिने ते कलम लिहिले. मग नळ्यांच्या जोडण्या सर्वत्र एकाच मापाच्या असाव्यात, जवानांना दरवर्षी प्रशिक्षण मिळावे, अशा एकेका कलमासाठी तो येत राहिला आणि प्रत्येक शब्दावर दोघे कडाडून भांडत राहिले.

“हा कायदा जरा लांबतोय, नाही गं?” घरी चहा देताना तिच्या आत्याने विचारले.

“महत्त्वाचा आहे, आत्या.”

“ते दिसतंच आहे. परवा नवी साडी नेसून गेलीस कलम लिहायला!”

विधेयक तपासणाऱ्या समितीच्या बैठकीत मात्र अध्यक्षांनी नेमके तेच कलम खोडायला घेतले. “निरोप परत म्हणणं ही काय कायद्यात घालायची बाब? माणसांना ऐकू येतं की!”

साक्षीदारांच्या बाकावर त्याचा चेहरा उतरला. ती उठली.

“महोदय, आरंभी आपण पुढच्या बैठकीची जागा सांगितलीत आणि सर्वांनी मान हलवली. एक विचारू? जागा कोणती?”

“ग्रंथालय,” एक सदस्य म्हणाले. “छे, वरचं सभागृह!” दुसरे म्हणाले. तिसरे चष्मा पुसत राहिले. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि हसत पेन खाली ठेवले. कलम राहिले, पुढे कायदाही संमत झाला.

काही दिवसांनी पुन्हा सरावाची घंटा वाजली. या वेळी तिने वाक्य अर्ध्यावर सोडले आणि ती सर्वांआधी जिना गाठून उभी राहिली. वॉकीटॉकी घेऊन तो वर चढत होता.

“आज जिवंत?” तो थबकला.

“आज निरोप आहे. नीट ऐका... मला तुमच्याशी लग्न करायचं आहे.”

भल्याभल्या ज्वाळांत न डगमगणारा तो गडी जागीच थिजला. आणि त्याने — मान हलवली!

“चालत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “कायदा आहे.”

“मला...” त्याने वॉकीटॉकीवरची मूठ आवळली. “मला तुमच्याशी लग्न करायचं आहे.”

गडबडीत वॉकीटॉकीचे बटण त्याच्या मुठीत दाबलेलेच राहिले होते. क्षणभर खरखर झाली. आणि मग खालच्या अंगणातून त्याच्या शिस्तबद्ध जवानाचा खणखणीत आवाज आला :

“निरोप मिळाला, साहेब. परत म्हणतो — मला तुमच्याशी लग्न करायचं आहे!”