तेवढं एक काम सोडून

"तुम्ही जा ना आधी."

"छे छे, तुमचा नंबर आधी आहे."

"माझी काही घाई नाही हो..."

"मला तर अजिबातच नाही!"

उस्मानपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात बाकाच्या एका टोकाला मी होते आणि दुसऱ्या टोकाला तो. माझा उजवा गाल सुजलेला, त्याचा डावा. मध्ये एक आजीबाई तोंडाला पदर लावून कण्हत होत्या. आम्ही दोघांनी मिळून त्यांनाच पुढं केलं. मग एका मास्तरांना. मग एका कॉलेजच्या मुलीला, जी नुसते दात साफ करून घ्यायला आली होती. शेवटी कंपाउंडर चाचा दारात येऊन आमच्याकडं बघत म्हणाले, "आप दोनों में से कोई आएगा जी, या मैं शटर गिराऊं?"

तेवढ्यात आतून मशीनचा आवाज आला... घुर्रर्र!

मी उठले. तोही उठला. मला वाटलं, हा आत जाईल. त्याला वाटलं, मी जाईन. आणि आमची गाठ पडली ती जिन्यात, खाली उतरताना.

रस्त्यावर आल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि हसू फुटलं. हसता हसता दोघांनीही गाल धरला.

"मी बद्रीनाथ," तो म्हणाला. "जनावरांच्या दवाखान्यात आहे. गाई-म्हशींना, मेंढरांना रोज सुया टोचतो. तेवढं कुणाला सांगू नका."

"काय, नोकरी?"

"नाही हो, पळालो ते."

"मी सुगंधा. शाळेत शिकवते. लस टोचायला आले की पोरांना रांगेत उभं करून 'भ्यायचं नाही' म्हणून मीच ओरडते."

तो पुन्हा हसला. सावळा, उंच, आणि एका गालानं जरा जास्तच गोल. पण डोळे असे की, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत हलायचे नाहीत.

हे तेव्हाचं, जेव्हा आमच्या शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे आणि गंगापूरकडच्या आमच्या गावात फोन पोचलेला नव्हता. मी आवडामावशीकडं राहून नोकरी करत होते. त्या हिवाळ्यात मला अक्कलदाढ आली आणि नेमकं त्याच वेळी वैजापूरचं एक स्थळही आलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, नकार द्यावा असं काहीच नव्हतं. होकार द्यावा असंही काही वाटत नव्हतं. दाढ काढायची होती, स्थळाला उत्तर द्यायचं होतं, आणि मी दोन्ही उद्यावर ढकलत होते.

"मावशीला तासाभरानं येते म्हणून सांगितलंय," मी म्हणाले. "आता इतक्या लवकर घरी गेले तर..."

"म्हणजे आपल्याकडं एक तास आहे," तो म्हणाला, रस्त्यात काहीतरी सापडल्यासारखा. "माझ्या आईचा चष्मा करायचा दिवाळीपासून राहिलाय. मी निघालो गुलमंडीला. पळून आलोच आहोत, तर निदान एक काम तरी होईल."

मावशीच्या गाद्यांना खोळी शिवायच्या होत्या, तेही कापड गुलमंडीतच मिळायचं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. माझी लुना पुढं आणि त्याची राजदूत मागं, अशी आमची वरात निघाली.

चष्म्याच्या दुकानात त्यानं एक फ्रेम माझ्यापुढं धरली. "जरा घालून बघता? आईचा चेहराही असाच... लहान आहे."

मी घातली. तो बघत राहिला. दुकानदार बघत राहिला. बाहेर सायकलींच्या घंट्या, रिक्षांचे भोंगे, कुणाचं तरी "हटो, हटो", आणि मला मात्र त्या बिनभिंगाच्या चौकटीतून एकाएकी सगळं नीट दिसायला लागलं.

"हीच द्या," तो दुकानदाराला म्हणाला. पण बघत होता माझ्याकडं.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा दवाखान्यात. पुन्हा "तुम्ही जा आधी", पुन्हा जिना. त्या दिवशी मावशीचा मिक्सर दुरुस्त झाला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याच्या खोलीसाठी चुना आणला आणि माझ्या वर्गाच्या खिडकीला काच बसली. कधी शाळेच्या झोपाळ्याची साखळी, कधी त्याच्या राजदूतचा आरसा, कधी मावशीच्या शिलाई मशीनला तेल. वर्षानुवर्षं राहिलेली कामं त्या हिवाळ्यात भराभरा मार्गी लागली. तेवढी दाढ सोडून.

मावशी शेजारणीला सांगायची, "दाढ दुखायला लागल्यापासून पोरगी लई कामाची झाली बघा!"

मी गालातल्या गालात हसायचे. म्हणजे, डाव्या.

पण एका शनिवारी झोपाळ्याची साखळी आवळता आवळता मी त्याला वैजापूरचं सांगून टाकलं. त्याचा हात थांबला. पाना तसाच नटावर.

"मग... काय ठरवलंत?"

"काहीच नाही. ठरवायचं राहिलंय."

"हं," तो म्हणाला आणि आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळत बसला. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाची पिवळी पानं आमच्या दोघांमध्ये पडत राहिली.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी जिना चढून गेले, तर तो बाकावर बसला नव्हता. दारात उभा होता.

"आज पळायचं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला रात्री झोप लागत नाही, दिसतंय ते. चला, मी इथंच आहे."

"आणि तुम्ही?"

"तुमच्यानंतर."

आत काय झालं ते सांगण्यासारखं नाही. मी घाबरून डोळे मिटले ते डॉक्टरीणबाई "झालं" म्हणेपर्यंत उघडले नाहीत. "एवढंच?" असं विचारायला गेले, तर तोंडात कापसाचा बोळा. "दाबून धरा. तासभर बोलायचं नाही," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले. ओठ बधिर, डोळ्यांत पाणी, आणि मनात कधी नव्हे एवढं हलकं. बद्रीनाथनं मला पाणी दिलं, मग आठवलं की प्यायचं नाही, मग ग्लास परत घेतला.

"तासभर बोलायचं नाही ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"मग मी आत्ताच सांगतो... कारण तुम्ही नाही म्हणालात तर मला ऐकवणार नाही." त्यानं दारावरच्या पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आम्ही धनगर. माझे वडील मेंढरं घेऊन रानोरान फिरलेले. तुमचं घर मोठं, वावर मोठं. हे सगळं मला कळतं. पण शनिवार आला की मला दाढ दुखत असल्याचा आनंद होतो. सुगंधा... तुम्ही वैजापूरला जाऊ नका."

मी तोंड उघडलं. "ऊं..."

"नाही, बोलू नका!" तो घाबरून म्हणाला. आणि ज्या दारापासून तो सगळा हिवाळा पळत होता त्याच दारातून, माझ्या उत्तराला भिऊन, धावत आत शिरला. "डॉक्टर, माझी काढा! आत्ताच काढा!"

कंपाउंडर चाचा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याजवळ एक स्टूल गुपचूप ओढून घेतलं आणि म्हणाले, "रो मत बेटी. या हंस रही है?"

मी दोन्ही करत होते.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्याही तोंडात कापूस. आता दोघांनाही बोलता येईना. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, नजर पायांकडं. मग मीच सरकले. पुरती त्याच्या शेजारी आले आणि बाकावर टेकलेल्या त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं एवढ्या जोरात सुस्कारा सोडला की कापूस पडता पडता राहिला.

पण खरं अवघड काम पुढंच होतं. नानांना सांगायचं.

माझे वडील नानासाहेब गावातलं वजनदार माणूस. कधी हात उगारला नाही, पण त्यांच्यापुढं बोलायचं म्हणजे जीभ टाळूला चिकटायची. रविवारी सकाळच्या एसटीनं मी गावी गेले. ठरवलं होतं, गेल्या गेल्या सांगायचं. गेल्या गेल्या दिसलं, माळ्यावर जाळी झालीत. ती काढली. मग धान्याचे डबे उन्हात घातले. मग न्हाणीघर धुतलं. आई दोनदा म्हणाली, "अगं, बस जरा." मी बसले ती अंगणात, तांब्यापितळेची सगळी भांडी पुढ्यात ओढून. चिंच लावून घासत होते तेव्हा समोर नानांच्या वहाणा येऊन थांबल्या.

"सुगंधे."

"जी नाना."

"दहावीच्या गणिताच्या आदल्या दिशी तू घरातले समदे हंडे घासले व्हते. आजबी घासायलीस." ते समोरच्या ओट्यावर बसले. "काय सांगायचं हाय?"

हातातली चिंच तशीच राहिली. मग मी सांगितलं. नाव, गाव, नोकरी, जात... सगळं. मध्ये कुठं थांबले नाही.

नाना कितीतरी वेळ घासलेल्या हंड्याकडं बघत होते.

"धनगरांची मेंढरं आपल्या रानात बसायची," ते शेवटी म्हणाले. "माझे वडील त्यान्ला ओसरीवर पोटभर जेवू घालायचे, धान्य द्यायचे. मेंढरांच्या लेंड्यांनी रान पिकायचं. सोयरीक मात्र कुणी केली नाय कधी."

"नाना, तुम्ही नाही म्हणालात तर..."

"म्या कुठं काय म्हणलो? वैजापूरला नकार कळवतो. मनात नसताना पोरगी द्यायची नाय मला. पण दुसऱ्याचं..." ते उठले. "मला इचार करू दे."

आणि ते गोठ्याकडं गेले.

पुढच्या रविवारी गेले तर गोठ्यावर नवे पत्रे. नाना माझ्याशी पिकापाण्याचं बोलले, शाळेचं बोलले, दुसरं काही नाही. त्याच्या पुढच्या खेपेला विहिरीचा कठडा बांधून झाला होता. मग वावराचं कुंपण. मग आईची चूल. मला आत ओढून आई हळूच म्हणाली, "घाबरू नगंस. तू कुणावर गेलीस वाटतं तुला? ह्यांनी मला बघून गेल्यावर होकार कळवायला इतका उशीर केला, की तेवढ्यात तुझ्या आज्याचा ओढ्यावरचा बांध बांधून झाला."

मी हसले. पण एसटीत बसले की नाना काय काय बोलले ते पुन्हा पुन्हा आठवत बसायचे. बद्रीनाथला सांगायचे, तो ऐकून घ्यायचा. "त्यांना वेळ लागू दे," म्हणायचा. "माझ्या आईवडिलांना मी दाढ काढली त्याच दिवशी सांगितलं, फ्रेम कुणी घालून बघितली होती तेही. आई म्हणाली, पोरीला चष्म्याची फ्रेम शोभली का?" असं म्हणायचा आणि माझा पडलेला चेहरा बघून दुसरीकडं बघायचा. त्यालाही भीती वाटत होती. वाट बघणं आम्हाला दोघांनाही जड जात होतं.

कापसाची शेवटची वेचणी झाली आणि एका दुपारी मी शाळेतून परतले तर मावशीच्या ओसरीवर नाना! पांढरं धोतर, नवी टोपी, पायाशी हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची पेंढी.

"नाना! तुम्ही? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "रानात, घरात, करण्यासारखं काई उरलंच नाय बघ. एवढं एकच राह्यलं व्हतं. म्हणून आलो. बोलाव त्याला."

बद्रीनाथ दवाखान्यातून तसाच आला, अंगाला फिनेलचा वास, बाह्या वर सारलेल्या. वाकून पाया पडला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"बसा," नाना म्हणाले. "तुमच्या घरच्यांना सांगितलंय, का सांगायचं राह्यलंय?"

"सांगितलंय. ते भेटायला यायचं म्हणतात. तुम्ही बोलावलं तर."

"लोक बोलतील. माझे भाऊबंद बोलतील, तुमचे बोलतील. पोरीला ऐकावं लागंल."

"तिला एकटीला ऐकू देणार नाही."

नानांनी त्याच्याकडं नीट बघितलं. बद्रीनाथनं नजर खाली घातली नाही. ओसरीवर कबूतर घुमत होतं, आत मावशीच्या हातातली चहाची गाळणी हवेतच थांबलेली होती.

"मेंढरं हायत का अजून वडलांकडं?"

"आहेत थोडी."

"मग येत्या उन्हाळ्यात घेऊन या म्हणावं आमच्या रानात बसवायला," नाना म्हणाले. "या वक्ताला जेवायला ओसरीवर नाय बसवणार. आत, माझ्या शेजारी बसायचं. येवाई म्हणून, सोयरा म्हणून."

माझ्या छातीतून एक आवाज निघाला. हुंदका होता की हसू, मला आजही सांगता येणार नाही. मावशीनं आतूनच "अगं बाई!" म्हणून चहा ओतला, निम्मा कपात, निम्मा बाहेर. गेले कित्येक दिवस खांद्यांवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं. मी नानांच्या पायाशी बसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात चुन्यानं, मातीनं खरखरीत झालेला होता.

संध्याकाळी आम्ही दोघं नानांना स्टँडवर सोडायला गेलो. गंगापूरची गाडी लागलेली होती. नाना खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली तसं त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाले,

"तारीख लवकर काढा रे! मला परत इचार करायला येळ देऊ नका!"

"उद्याच काढतो, नाना!" बद्रीनाथ ओरडला.

"उद्या नाही," मी त्याचा हात धरत म्हणाले. "आजच."