एकसष्ट मोती

चांदीचे पैंजण टूथपेस्टनं घासून आणणाऱ्या बायांचा उत्तराला भारी राग. "दात होय का तो?" असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर विचारायची आणि वर फुकटची शिकवणी घ्यायची. चांदी मऊ कापडानं पुसावी, हवा लागणार नाही अशी गुंडाळून ठेवावी. पाचू गरम पाण्यात बुडवू नये, तडकतो. मोती तर पावडर, अत्तर, केसांचं तेल सगळं आटोपल्यावर शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी काढावेत. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि घरी जाऊन पुन्हा टूथपेस्टच हातात घ्यायचं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

धंतोलीत एका खाजगी दवाखान्याच्या पार्किंगला लागून तिचा छोटासा गाळा होता. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला तर्री-पोह्यांची गाडी. दागिने नव्या दोऱ्यात गाठवून देणं आणि उजळून देणं हा तिचा धंदा. दवाखान्याच्या दारात याचं काय काम, असं कोणालाही वाटेल. पण ऑपरेशनला नेताना बाईच्या अंगावरचा बारीकसारीक दागिनाही काढून घेतात, आणि मोकळ्या गळ्यानं आत जायला आपल्याकडच्या बाया ऑपरेशनपेक्षा जास्त भितात. मग नातेवाईक धावत उत्तराकडे यायचे. ती पिवळ्या दोऱ्याला हळकुंड बांधून द्यायची. त्याला डॉक्टरही नाही म्हणत नसत.

तिचं खरं नाव झालं होतं ते मोत्यांमुळे. मोत्याला अंग लागतं. डबीत पडून राहिला की त्याचं पाणी उतरतं, खडूसारखा पांढरा पडतो. असे मेलेले मोती उत्तरा पंधरा-वीस दिवस गळ्यात घालून मुरवायची, आणि परत देताना गिऱ्हाईक ओळखायचं नाही इतकं पाणी चढलेलं असायचं. चाळिशी उलटली तसा तिचा घाम बदलला आणि तिच्या अंगावर मोती जगेनासे झाले. तेव्हापासून हे काम तिच्या लेकीकडे, हर्षाकडे गेलं. हर्षा एकवीस वर्षांची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. "माहा गळा म्हणजे तुयं शोकेस आहे वं आई," असं कुरकुरायची, पण घालायची.

मे महिन्यातल्या एका सोमवारी धोंडबा नावाचे म्हातारे गृहस्थ दुकानात आले. काटोलकडचे. एके काळी संत्र्याचा व्यापार करायचे. बायको पंचफुलाबाई वर तिसऱ्या मजल्यावर भरती होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत मोत्यांची एकसरी माळ, मागच्या बाजूनं तुटलेली.

"एमआरआयसाठी काढाले गेले, तं तुटली," ते म्हणाले. "हैदराबादले माल घेऊन गेलो होतो, तवा आणली होती. चाळीस वर्षं झाले. एक दिवस गळ्यातून उतरली नाही."

"दोरा कधी बदलला?"

"कधीच नाही."

एरवी उत्तरानं त्यांची हजेरी घेतली असती. पण दोरा पाहून तिनं तो उजेडाला धरला. दोऱ्यावरून ती माणूस सांगू शकायची. नवा रेशमी दोरा पांढराशुभ्र असतो, वर्षागणिक पिवळा होतो, मानेखाली घामानं काळवंडतो, मोत्यांच्या भोकात घासून झिजतो. हा दोरा मानेपाशी काजळीसारखा काळा होता आणि केसाइतका बारीक उरला होता. चाळीस वर्षं खरीच होती. मोती एकसष्ट, आणि एकजात मेलेले. रोज अंगावर असलेले मोती असे मरत नाहीत, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"फक्त गाठवून द्या, ताई," जाताना धोंडबा म्हणाले. "कोणाच्या गळ्यात घालू नका. तिनं सुनेलेही कधी घालू देल्ली नाही."

"काहून, काकाजी?"

"ते मले मालूम नाही. ती म्हणत होती, म्हणून सांगून राहिलो."

उत्तरानं हो म्हटलं. मनात मात्र हसली. जुन्या बायांचा आपल्या दागिन्यात किती जीव असतो, हे तिनं कमी पाहिलं नव्हतं. मंगळवारी तिनं पांढऱ्या रेशमावर, दर मोत्यामागे एक गाठ मारत, माळ गाठवली. हात बसलेला असल्यानं काम देखणं झालं, पण मोती तसेच फटफटीत. अशी माळ परत द्यायची म्हणजे नाक कापून द्यायचं. बरं होऊन बसलेल्या बाईनं माळ पाहावी आणि चकित व्हावं, असंही तिला वाटलं. त्या संध्याकाळी अजनीच्या घरी आल्यावर तिनं माळ हर्षाच्या गळ्यात घातली. ज्यांनी विश्वासानं एक गोष्ट मागितली होती त्यांची तेवढी एक गोष्ट तिनं मोडली. का, तर स्वतःच्या हाताचा अभिमान.

बुधवारी सकाळी मोत्यांना पाणी आलेलं होतं.

एका रात्रीत! उत्तरानं खिडकीपाशी नेऊन पाहिलं. प्रत्येक मोत्यात खिडकीचे गज दिसत होते. तिला इतका आनंद झाला की, हर्षा खुर्चीवरून उठताना गुडघ्यावर हात दाबून उठली, हे दिसूनही तिनं मनावर घेतलं नाही. परीक्षा जवळ आली होती, पोरगी दिवसदिवस मांडी घालून वाचत बसायची.

गुरुवारी हर्षाच्या पायातले पैंजण काळे पडले. रविवारीच उत्तरानं ते आरशासारखे उजळून दिले होते. आता ते कोण्या ट्रंकेच्या तळाशी वर्षानुवर्षं पडून राहिल्यासारखे दिसत होते. तिनं कापडानं पुसले. कापड काळं झालं, पैंजण तसेच राहिले. दुसरं कापड घेतलं, तेही काळं झालं. तिनं पैंजण बाजूला ठेवून दिले आणि त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

त्याच संध्याकाळी हर्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भिंतीवर हात फिरवत होती. बराच वेळ.

"काय शोधून राहिली वं?"

"बटण."

"डाव्या हाताले आहे ना. जन्म गेला तुया इथं."

"हाव," हर्षा म्हणाली. "विसरली होती." मग दिवा लागल्यावर ती पलंगाजवळ आली आणि दिवाळीत घेतलेल्या निळ्या चादरीवरून तिनं हळूच हात फिरवला. "ही अजून आहे?"

हर्षाचे वडील, जितेंद्र, हिंगण्याच्या कारखान्यातून येऊन जेवत होते. ते खो खो हसले. "अभ्यास डोक्यात गेला हिच्या." उत्तराला हसू आलं नाही.  ती उठली आणि माळ काढायला हर्षाच्या मानेकडे हात नेला. हर्षानं मोत्यांवर पंजा ठेवला.

"राहू दे वं. आता सवय झाली."

"दोन दिवसांत कायची सवय?"

हर्षा तिच्याकडे पाहून हसली. लहान लेकराच्या प्रश्नाला थोरली माणसं हसतात ना, तशी. आपल्याच पोरीच्या हसण्याची उत्तराला भीती वाटली. ओढून काढावी माळ, असं मनात आलं. पण नवरा समोर जेवत होता, काय सांगणार? सकाळी पाहू, म्हणून तिनं हात मागे घेतला. सकाळी हर्षा झोपलेली होती, आणि हाक मारून उठवावं इतका तिचा चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. उत्तरा दुकानात निघून गेली.

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमाराला धोंडबा आले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गाळ्यातला कूलर गरमच हवा फेकत होता. ते स्टुलावर बसले आणि बराच वेळ रुमालानं वारा घेत राहिले.

"कशी आहे काकूंची तब्येत?" उत्तरानं विचारलं.

"चांगली आहे. डाक्टर म्हणते, समदं नार्मल. सोमवारी सुट्टी देतो." त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला. "पण मले ओळखत नाही, ताई. बुधवारपासून. मले म्हणते, तुम्ही कोन? पोराले पाहून पदर घेते. सोळा वर्षाच्या पोरीसारखी बोलते."

उत्तरानं हातातली सुई खाली ठेवली.

"मायकडे जायचं म्हणून रडून राहिली. माय काऊन नाही आली मले घ्याले, म्हणते. आता काय सांगू तिले? तिची माय मरून तीस वर्षं झाले. हिनंच आंघोळ घातली होती तिले शेवटची."

कूलर घरघरत होता. धोंडबांनी वर पाहिलं.

"ताई, माळ कोणाच्या गळ्यात तं नाही घातली?"

"नाही," उत्तरा म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून इतका पटकन निघाला की तिची तिलाच लाज वाटली. म्हाताऱ्यानं मान हलवली. "मंग बरं," ते म्हणाले, आणि भिंतीला धरत उठून गेले.

ते वळणाआड होताच तिनं हर्षाला फोन लावला. सहा-सात रिंगा गेल्या. मग उचलला गेला.

"कोण?"

"कोण काय? मी वं, आई."

पलीकडून नुसता श्वास. एक, दोन, तीन, मोजता येईल असा. मग फोन कापला गेला.

उत्तरानं शटर अर्धवट ओढलं, कुलूप लावायचंही तिला सुचलं नाही. कात्री मुठीत घेऊन ती ऑटोत बसली. धंतोली ते अजनी, दहा मिनिटांचा रस्ता. तिनं त्या दहा मिनिटांत आठवतील तेवढ्या देवांना हात जोडले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट मागितली. पोरगी जशी होती तशी मिळू दे. मोती, दुकान, नाव, सगळं जाऊ दे खड्ड्यात.

दार उघडंच होतं.

हर्षा पलंगाच्या कडेला बसली होती. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. गळ्यातले मोती असे उजळले होते की दुपारच्या त्या अंधाऱ्या खोलीत डोळा पहिल्यांदा तिकडेच जात होता.

 उत्तरानं मागून जाऊन मानेवरच्या दोऱ्यात कात्री घातली. दोरा लगेच तुटला. एक बारीक आवाज झाला, बस. गाठी असल्यामुळे मोती सांडले नाहीत. माळ तिच्या तळहातात आली, कढत.

"झालं," ती म्हणाली. "झालं, बाई. निघाली."

मग तिनं तुटलेलं टोक पाहिलं.

मंगळवारी तिनं पांढराशुभ्र रेशमी दोरा घातला होता. हातातला दोरा पिवळा होता. मानेपाशी काजळीसारखा काळा. केसाइतका बारीक.

तिनं तो बोटांनी चाचपला. पुन्हा चाचपला. दोऱ्यावरून ती माणूस सांगू शकायची.

"हर्षा."

हर्षा वळली. चेहरा एकवीस वर्षांचाच होता. सुरकुती नाही, पांढरा केस नाही. पण त्या चेहऱ्यातून आईकडे पाहणारी नजर उत्तरानं आजवर पाहिली नव्हती.  तिनं हात पुढे केला, आईच्या गालाला लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला, पुन्हा लावला.

"आई," ती म्हणाली. "आई वं."

आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून रडायला लागली. उत्तराचा जीव भांड्यात पडला. पोरगी ओळखत होती. देवानं ऐकलं होतं. तीही रडली, हर्षाच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"तुया अंगाचा वास विसरून गेली होती मी," हर्षा कुशीतूनच म्हणाली. "लय आठवाचा प्रयत्न केला. फोटो होते, आवाजही होता फोनमध्ये. वास नाही आला कधी."

उत्तराचा हात थांबला.

हर्षानं डोळे पुसले. उठली, गुडघ्यावर हात दाबत. आत जाऊन वाटीत साबणाचं पाणी घेऊन आली, खांद्यावर मऊ कापड. आईचा डावा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. उत्तराच्या अनामिकेत पोवळ्याची चांदीची अंगठी होती. हर्षा तिच्याभोवती साबण चोळायला लागली.

"काय करून राहिली?"

"काढून ठेवू. मागच्या वेळी बोट सुजून गेलं होतं. निघेच ना. दवाखान्यातल्या लोकायनं कापून काढली."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

हर्षा अंगठी गोल गोल फिरवत होती, दुखू नये म्हणून अगदी हळू.

"हर्षा, कधी?"

"बाबा बसमध्येच होते," हर्षा म्हणाली. "मी फोन केला तवा बस निघालीच होती त्यायची."

उत्तरानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. हिंगण्याहून जितेंद्रच्या कंपनीची बस साडेतीनला सुटायची.

अंगठी निघाली. हर्षानं ती कोरड्या कापडानं नीट पुसली, पोवळ्याच्या कडेचं पाणी टिपून घेतलं आणि उशाशी ठेवली. मग आईचा चेहरा हलकेच एका बाजूला वळवून, जरासुद्धा घाई न करता, तिनं कानातल्या कुडीचं मळसूत्र फिरवायला घेतलं.