उंबऱ्यातला बळी

खोटं वाटेल त्याने वाचू नये. हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

गिरगावातली आमची चाळ. १९६० चा दसरा. दिवेलागणीची वेळ.

आमच्या घराण्यात एक चाल होती. दसऱ्याला आई तांदळाच्या पिठाचा बळीराजा करून उंबऱ्यात ठेवायची. सोनं घेऊन आलेले तात्या, म्हणजे माझे वडील, त्याच्या पोटावर डावा पाय देऊन आत यायचे. आणि लगेच आई त्यांना ओवाळत म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!"

आधी तो असुर होता. वामनाने डोक्यावर पाय देऊन पाताळात घातला. मग कुणी त्याला दानशूर म्हटलं, कुणी देवाचा भक्त, आणि शेतकऱ्यांनी तर आपला राजाच केला. पण दिलेला पाय कुणी परत घेतला का?

माझ्या भावाचं, रघूचं, तेच झालं. फक्त बळीला युगं लागली, रघूला चार वर्षं.

छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. त्यात रघू गेला. ओळख पटवायला तात्यांना बोलावलं. त्यांची सरकारी नोकरी. ते बघून म्हणाले, "हा आमचा नव्हे."

घरी येऊन आईला तेच सांगितलं. वर म्हणाले, रडायचं तर आवाज न करता रड.

रघू बेवारस जळला.

साठ साली महाराष्ट्र झाला. तात्यांनी रघूच्या फोटोला हार घातला. खाली लिहिलं, 'हुतात्मा'. येईल त्याला कौतुकाने दाखवायचे. मेली लाज नावाची गोष्टच नाही!

तर त्या दसऱ्याला तात्यांनी पिठावर पाय ठेवला...

आणि चाळीतला गलका थांबला. शेजारचा रेडिओसुद्धा.

तात्यांना पाय उचलेना.

"अगं, हे... हे गरम लागतंय."

मी आणि आई दारात होतो. आत कुणीच नव्हतं.

तरी आतून आवाज आला...

"आई, कोण आलंय गं?"

रघूचा. कायम सर्दी झाल्यासारखा असायचा, तसाच.

आईच्या हातातलं तबक हललं नाही. तिने तात्यांकडे नीट पाहिलं.

"हा आमचा नव्हे रे," ती म्हणाली.

दिवा विझला. रेडिओ पुन्हा वाजू लागला. तात्यांचा पाय सुटला.

पिठावर पाऊल उमटलंच नव्हतं...

त्यानंतर तात्या मरेपर्यंत गॅलरीतच झोपले.

मी आता दादरला असते. आमच्याकडे ती चाल नाही. पण ओवाळताना 'बळीचं राज्य येवो' माझ्या तोंडून निघत नाही.

खरंच आलं, आणि त्याने दारातल्या एकेकाची ओळख विचारली तर?