माजॉनच्या आजीचं नाव

त्या दिवशी आईने मला एवढंच सांगितलं होतं, की उकडलेली रताळी माजॉनच्या आजीकडे देऊन ये. वाटी फडक्यात बांधून तयार होती. मी ती दुपारभर चुलीजवळ तशीच ठेवली. पुढचं सगळं मी क्रमाने सांगणार आहे. क्रम चुकला की मला वाटायला लागतं, माझ्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

आमच्या गावात तेव्हा कुणाकडे स्वतःचा रेडिओ नव्हता. गावप्रमुख बे काकांच्या बैठकीत एक मोठं यंत्र होतं. तिथून निघालेली तार खांबांवरून चाळीस घरांत गेली होती. प्रत्येक घराच्या भिंतीवर एक लाकडी खोका, त्याला पुढून कापड लावलेलं, आणि एकच बटण, आवाज कमीजास्त करायचं. काय ऐकायचं ते बे काका ठरवत.

दिवस खोक्यावरच चालायचा. पहाटे राष्ट्रगीत, की आई चूल पेटवणार. बातम्या, की बाबा शेतावर निघणार. मध्येच बे काका यंत्राला तोंड लावून बोलायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "कुणाचं तरी डुक्कर माझ्या मुळ्यात शिरलंय. मालकानं येऊन न्यावं. नाहीतर रात्री ते माझ्याकडंच जेवायला थांबेल, ताटात."

बारा वाजता वेळेचे ठोके पडायचे, मग शेतीच्या गोष्टी, मग गाणी. दोन ते पाच यंत्राला विश्रांती. पण तेव्हा खोका पूर्ण गप्प नसायचा. यंत्र बंद असलं, की शेजारच्या घरातला आवाज तारेवरून आपल्या खोक्यात झिरपायचा. अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. घर अगदी शांत असेल तरच कळायचा. बायका त्यावरून एकमेकींना टोमणे मारायच्या. "काल तुझ्या नवऱ्याचं घोरणं आमच्याकडं मुक्कामाला होतं बरं."

आमच्या खोक्यात यायची ती माजॉनची आजी. तिचं घर आणि आमचं घर एकाच खांबावर होतं.

माजॉन हे तिच्या माहेरच्या गावाचं नाव. साठ वर्षं गाव तिला तेवढंच म्हणत होतं. ती एकटी राहायची. मुलगा दूर राजधानीत, सोलला. तिला रात्री आठची मालिका फार आवडायची, पण सात वाजताच तिचे डोळे मिटत. म्हणून रोज दुपारी मी जाऊन तिला कालचा भाग सांगायचे. मालिकेत बंदरावर खानावळ चालवणारी एक बाई होती, आणि तिचा नवरा बोटीवर गेलेला होता. मी सांगताना थांबले, की आजी आपली लांब चिलीम पितळी राखदाणीवर दोनदा आपटायची. टक, टक. मग म्हणायची, "मग?"

मी शाळेत कधी तोंड उघडायचे नाही. तिच्यासमोर मात्र मी सगळे आवाज काढायचे, नवऱ्याचा जाड आवाजसुद्धा.

आदल्या दिवशी आजीने विहिरीवर, माझ्यादेखत, ते सगळ्यांना सांगून टाकलं. "आमची ओक्रान त्या बाईसारखी हुंदके देते, तर माझ्या डोळ्यांना धार लागते. एकदा ऐकाच."

"काढ गं एक हुंदका," एक काकू म्हणाली. "आमचीही कपडे धुता धुता करमणूक."

"नवऱ्याचा आवाज काढ आधी. लग्नात उपयोगी पडेल."

सगळ्या हसल्या. आजीही हसली, प्रेमानेच. मी कळशी तिथेच टाकून पळाले. म्हणून त्या दिवशी, कापणीची सुट्टी असूनही, मी तिच्याकडे गेले नाही. ठरवलं होतं, हिला दोन दिवस गोष्टीवाचून उपाशी ठेवायचं.

आई-बाबा शेतावर होते. दोन वाजले, यंत्र बंद झालं. घरात खोक्याची किंचित खरखर तेवढी राहिली. मी खाली बसून वही लिहीत होते.

टक, टक.

मी मान वर केली नाही.

टक, टक... टक, टक.

आवाज नेहमीपेक्षा खालून येत होता, जमिनीजवळून. मग खूप वेळ काही नाही. मग कुणीतरी श्वास ओढावा तसं, "मग...? ओक्रान... मग?"

मला वाटलं, आजी मला चिडवते आहे. मी उठले आणि बटण फिरवून आवाज शून्यावर आणला. त्यानंतर मी गणितं सोडवली. अकरा सोडवली. सगळी बरोबर आली.

आई-बाबा पाचला परतले. चुलीजवळची वाटी बघून आई ती स्वतःच घेऊन गेली. लगेच परत आली, वाटी हातात तशीच. आजी जमिनीवर पालथी पडली होती. चिलीम मुठीत, दुसरा हात भिंतीवरच्या खोक्याकडे लांब केलेला.

"अंग अजून कोमट आहे," आई बाबांना हळू म्हणाली. "तासाभरापूर्वी कुणी डोकावलं असतं तरी..." आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

आमच्याकडे माणूस गेलं, की अंग गार व्हायच्या आत त्याला एकदा परत बोलावतात. एक जाणता माणूस मृताचं जाकीट घेऊन छपरावर चढतो, उत्तरेकडे तोंड करतो, जाकीट हलवत मृताचं नाव तीनदा पुकारतो आणि म्हणतो, परत ये. मग ते जाकीट खाली टाकतात आणि मृताच्या अंगावर पांघरतात. त्यानंतर रडायचं. तोवर कुणी रडत नाही.

गावातले सगळ्यात म्हातारे आजोबा तिचं जाकीट घेऊन आजीच्या छपरावर चढलेसुद्धा. आणि वरून म्हणाले, "नाव काय हिचं?"

अंगणात कुणालाच माहीत नव्हतं. माजॉनची आजी म्हणून हाक मारली तर माजॉनच्या सगळ्याच आज्या येतील, असं कुणीतरी पुटपुटलं, पण हसलं कुणी नाही. मुलाला निरोप पोचायला दोन दिवस. नोंद तालुक्याच्या कचेरीत, ती बंद झालेली. तेव्हा बे काका घरी धावले, आणि सगळ्या घरांतले खोके एकदम बोलायला लागले. "माजॉनच्या आजीचं नाव कुणाला माहीत असेल, त्यानं ताबडतोब माझ्याकडं यावं."

मला माहीत होतं, पण एवढ्या माणसांत माझं तोंड उघडलं नव्हतं. वसंतात तिने माझ्याकडून रेडिओ केंद्राला पत्र लिहून घेतलं होतं, त्या बाईच्या नवऱ्याला एकदाचा घरी आणा म्हणून. खाली नाव लिहायचं होतं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "गान्नान. कुणाला सांगू नकोस. नुकतं जन्मलेलं पोर, एवढाच अर्थ आहे त्याचा. दुसरं नाव ठेवायला कुणाला सवडच झाली नाही बघ." तिच्या तोंडाला तंबाखूचा वास होता.

मी बे काकांकडे गेले. यंत्राचा लाल दिवा लागलेला होता आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता.

"बोल लवकर. यातच बोल," त्यांनी ते तोंडाशी धरायचं माझ्या पुढ्यात केलं. "तिच्या घरातला खोका मोठा केलाय. छपरावर म्हाताऱ्याला ऐकू जाईल. मी पळत जाईपर्यंत तिचं अंग गार होईल."

"गान्नान," मी म्हणाले.

"मुंगी बोलते का? मोठ्यानं."

"गान्नान."

"अजून मोठ्यानं, पोरी. म्हातारा बहिरा आहे."

"गान्नान!" माझा आवाज बैठकीतून, गल्लीतून, चाळीस घरांतून माझ्याकडे परत आला. ती अकरा गणितं मला आठवली. मी थांबवायच्या आत तोंडातून निघून गेलं, "आजी, परत ये ना."

बे काकांनी झडप घालून यंत्र बंद केलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ते आजोबा शिडीवरून उतरत होते. जाकीट त्यांच्या काखेत तसंच होतं.

"पुकारा ना," बे काका म्हणाले.

"पुकारून झालं की." म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदाच बघितलं. "तीन वेळा, परत ये म्हणून. आख्ख्या गावानं ऐकलं. दोनदा बोलवायचं नसतं."

"मग ते जाकीट?"

"बोलावलं या पोरीनं. मी काय पांघरू?"

तिसऱ्या दिवशी आजीला टेकडीवर नेऊन पुरलं. तिचे कपडे, चिलीम, आणि भिंतीवरचा खोकाही ओढ्याकाठी जाळला. खोका मी जळताना पाहिला. कापड आधी पेटलं. तिच्या घराची तार खांबापासून कापून टाकली होती.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला यंत्र बंद झालं. आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

टक, टक.

मी खोक्याजवळ गेले. कापडाला तंबाखूचा वास येत होता.

"मग?"

मी सांगायला लागले. दुसरं काय करणार होते? कापडाला ओठ लावून, कुजबुजत, राहिलेला भाग सांगितला. नवऱ्याचा आवाज काढला, हुंदकाही काढला. त्यानंतर रोज. एकदा आईने दारातून विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"पाठांतर."

"भिंतीला तोंड लावून?"

मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, मालिका संपेल तेव्हा हेही संपेल. शेवट ऐकला, की ती जाईल. ती दुपार मला माफ करेल. मी फक्त तेवढ्याची वाट पाहत होते.

कोबीची लोणची घालायचे दिवस आले. छपरांवर नवा पेंढा चढला. एका रात्री मालिकेचा शेवटचा भाग झाला. नवरा परत आला, पण बाईने त्याला ओळखलं नाही. गिऱ्हाईक समजून भात वाढला, आणि तो जेवून निघून गेला. आमच्याकडे बाबासुद्धा नाक ओढत होते.

दुसऱ्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून शाळेतून लवकर आले. शाळेचं जाकीट धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकलं. आई शेजारी कोबीला मीठ लावायला गेली होती. दोन वाजले. मी खोक्याला सगळं सांगितलं, बाईने भाताची वाटी पुढे केली तिथपर्यंत, तो दाराबाहेर पडला तिथपर्यंत.

"संपलं, आजी," मी म्हणाले. "आता पुढं काही नाही. आणि त्या दिवशी... त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. मी बटण बंद केलं."

खोका गप्प राहिला. खरखरसुद्धा थांबली. मी कान लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. गेली, असं मला वाटलं.

मग आवाज आला. तो खोक्यातून आला नाही. वरून, पेंढ्याच्या वरून आला, मोकळ्या हवेतून कुणी ओरडावं तसा.

"ओक्रान..."

मी भिंत धरली.

"ओक्रान..."

"ओक्रान... परत ये."

मी बाहेर धावले. दोरी रिकामी होती. आई कुंपणाच्या दारातून येत होती, हात मिठाने पांढरे, आणि ती वर बघत होती.

"तुझं जाकीट छपरावर कसं गेलं?"

ते छपराच्या मधोमध पसरलेलं होतं, कॉलर उत्तरेकडे. शिडी मागच्या खोलीत कुलपात होती. नव्या पेंढ्यावर कुठेही पाय रुतल्याची खूण नव्हती.

"वारा असेल," आई म्हणाली. वारा नव्हता. मला ओरडायचं होतं, हात लावू नकोस, खाली पाडू नकोस. पण माझा आवाज, नेहमीसारखा, गळ्यातच राहिला. आईने बांबू घेतला, जाकीट ओढून खाली पाडलं, दोनदा झटकलं आणि माझ्या अंगावर पांघरलं.

"किती गार पडलीयेस गं," ती म्हणाली.

जाकीट कोरडं होतं. मी खिशात हात घातला. आत चिमूटभर राख होती, अजून कोमट.