माहरूखचा कप्पा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या उन्हाळ्यातला शुक्रवार. साप्ताहिक सुट्टीमुळे तेहरानमधली आमची प्रयोगशाळा सुनसान होती. बाहेर भर दुपार, पण सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत अंधारच लागतो. आत मी आणि माझा सहकारी आरमिन, दोघंच.

समोर काचेची चिप, तिच्यावर हजारेक बारीक कप्पे. प्रत्येकात वेगळं मोटर प्रथिन, म्हणजे पेशीतला ओझं वाहणारा हमाल. हे हमाल काचेला चिकटवायचे आणि वर चमकते धागे सोडायचे. हमालांची पावलं पडली की धागे सरकतात. हे सगळं चालतं द्रावातल्या इंधनावर; ते धुऊन टाकलं की सगळं थांबतं.

एक कप्पा माहरूखचा होता.

ती आमच्याच टेबलावर काम करायची. कप्प्यात तिच्याच शरीरातला हमाल होता; त्यात जन्मजात दोष होता. आधी तिचे पाय गेले, मग हिवाळ्यात तीच गेली. तोच दोष तिच्या भाचीला, पाच वर्षांच्या नीलगूनला होता. पोर उभी राहत नव्हती.

त्या दिवशी तिच्या कप्प्यात नवं औषध घातलं होतं. माहरूखचा भाऊ, नीलगूनचा बाप बहादोर सकाळपासून फोन करत होता.

"कामयार जान, सरकलं का काही?"

"अजून नाही, बहादोर आगा."

माहरूखचा कप्पा ढिम्म. मला रडूच आलं.

शेवटी इंधन धुतलं. सगळे कप्पे थांबले.

आणि…

माहरूखच्या कप्प्यातले धागे सरकू लागले.

"नीट धू रे," आरमिन म्हणाला. "आईने कधी भांडी घासायला लावली नाहीत वाटतं?"

मग त्याने स्वतः धुतलं. प्रवाहाने धागे हलायला नकोत म्हणून पंपही बंद केला.

खोलीत कसलाच आवाज नाही…

धागे चालतच होते. एरवी ते वाट्टेल तिकडे भरकटतात. आज सगळे एकाच दिशेला निघाले होते, सावकाश.

आरमिन पुन्हा नळ्या तपासू लागला.

फोन वाजला. बहादोर रडत होता.

"नीलगून चालली रे. पलंगापासून दारापर्यंत. एक हात वर धरून."

"जवळ कोण होतं?"

"कोणीच नाही. ती म्हणते, आत्या होती."

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"अजून काय म्हणते?"

"आत्या म्हणाली, आज दारापर्यंतच. पुढच्या वेळी बाहेर." तो रडता रडता हसला. "बघ ना, पोरीला फिरायला जायचंय."

मी चिपकडे पाहिलं. धागे कप्प्याच्या कडेला जाऊन थांबले होते.

"आगा," मी म्हणालो, "दाराला वरची कडी लावत जा."

नीलगून अजून आहे. परत कधी चालली नाही. पण रोज संध्याकाळी दाराशी बसून आत्याची वाट बघते, असं बहादोर कौतुकाने सांगतो.

त्याचा फोन आला की मी आधी नुसतं ऐकतो… तो रडतोय का.